परदेशी पाहुणीसाठी घर

ठाणे, मंगळवार, १९५५

परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करायचा आमच्या विद्यापीठाचा अर्ज आज समितीतच बारगळला. अट साधी होती. आपली मुलगी तिकडे जाईल आणि त्यांची मुलगी इथे कुणाच्या तरी घरी राहील. समितीत एकाच्याही घरी तिला ठेवायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "माझ्या वर्गातली मंजुळा बाळकुमची. तिचे वडील खाडीत मासेमारी करतात. ते ठेवून घ्यायला तयार आहेत."

"कोळ्याच्या घरी? अहो बाई, वासानेच पळेल ती!" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मी तिथे बसून का राहिले?

मंजुळा दाराबाहेरच होती. तिने ऐकलं होतं.

"बाबांना मीच सांगेन, बाई," ती म्हणाली. "पण आज नको. आज ते त्या पाहुणीसाठी परसात न्हाणी बांधतायत."