नासपतीचं शिखर

सोमवार, ३. सकाळी ७.
आजपासून रोज लिहायचं, खरं तेच लिहायचं. विषय एकच: आमच्या जड अणुकेंद्राचा आकार. माझ्या मते ते नासपतीसारखं आहे, एका टोकाला फुगीर. गोळेमास्तरांच्या मते साधं लंबगोल. (गोळेमास्तर म्हणजे शेजारच्या ग्रुपचे प्रमुख. टोपणनाव मी ठेवलेलं नाही, फक्त वापरतो.) संचालकबाईंनी पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पुरावा नाही दिला तर माझा डिटेक्टर गोळेमास्तरांकडे जाणार.
संकल्प: १) पूर्ण निष्पक्ष राहणे. २) गोळेमास्तरांविषयी आकस न ठेवणे. ३) नासपती सिद्ध करणे.

मंगळवार, ४.
बायकोला प्रयोग समजावला. बीम, म्हणजे वेगवान कणांचा झोत, जड अणुकेंद्रांवर आदळतो. ती हादरतात आणि गॅमा किरण सोडतात. डिटेक्टरने किरणांची ऊर्जा मोजली की स्क्रीनवर शिखरं उभी राहतात, त्यावरून आकार कळतो. नासपती असेल तर १४५९ वर शिखर येईल, हे माझं गणित.
ती डोळ्यांची डॉक्टर. म्हणाली, तक्ता पाठ असलेले पेशंट डोळे मिटूनही शेवटची ओळ वाचतात. डोळ्यांचा आणि अणुकेंद्रांचा संबंध नाही. पण ऐकून घेतलं.

शुक्रवार, ७. दुपारी ४.
शिखर आलं! १४६१ वर.
मन शांत ठेवलं आहे.

शुक्रवार, ७. संध्याकाळी ६.
भिंतींच्या काँक्रीटमध्ये पोटॅशियम असतं, तेही आपोआप गॅमा किरण सोडत असतं, आणि त्याचं शिखर १४६१ वरच येतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मी स्वतःला स्पष्ट विचारलं: हे भिंतीचं तर नाही ना? असा प्रश्न स्वतःला विचारणारे किती जण असतील? विचारल्यावर बरं वाटलं.

शनिवार, ८.
डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकड्यांची पट्टी जुळवणं, पुन्हा केलं. १४६१. पुन्हा केलं. १४६१. तिसऱ्यांदा १४६०. चौथ्यांदा १४५९. तिथे थांबलो. कुठेतरी थांबायलाच हवं, नाहीतर माणूस वेडा होईल.

रविवार, ९.
एक शंका. आपली अणुकेंद्रं धडकेनंतर धावत सुटतात, त्यामुळे त्यांचं शिखर थोडं पसरट यायला हवं. माझं मात्र सुईसारखं बारीक, जणू किरण सोडणारी वस्तू जागची हललेलीच नाही. बराच वेळ विचार केला. माझ्या काटेकोरपणाचा परिणाम असावा.

सोमवार, १०.
संचालकबाईंना मेल पाठवली. भाषा संयत ठेवली. ‘ऐतिहासिक’ हा शब्द एकदाच.
यंत्रघरातल्या अण्णांनी विचारलं, एक दिवस बीम बंद ठेवून मोजून पाहायचं का? अण्णा तीस वर्षं बीमचं यंत्र चालवतात, पण विज्ञान वेगळं. म्हटलं, गवई उठून गेल्यावर कोणी गाणं ऐकत बसतं का? अण्णा हसले नाहीत.
बीम बंद ठेवून मोजायला मी घाबरतो का? नाही. वेळ नाही.

बुधवार, १२. सकाळी ८.
आज संचालकबाई आणि गोळेमास्तर प्रत्यक्ष पाहायला येणार. व्यत्यय नको म्हणून फोनचा रिसीव्हर काढून ठेवणार आहे. गोळेमास्तरांशी जिंकूनही गोड बोलायचं, असं ठरवलं आहे.

बुधवार, १२. दुपारी ३.
सगळं जसं घडलं तसं लिहितो.
दोघं दहाला आले. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. डोळ्यांदेखत शिखर वाढत होतं. मी म्हटलं, बघा, बीमचा एकेक कण आपली नासपती हलवतो आहे. तासभर बोललो. चांगलं बोललो, हे नमूद करायला हरकत नाही.
अकराला अण्णा दारात आले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता.
“साहेब, बीम सव्वानऊलाच बंद पडला. थंड पाण्याचा पंप गेलाय. मघापासून फोन लावतोय, तुमचा एंगेजच.”
स्क्रीनवर शिखर वाढतच होतं.
मग गोळेमास्तर वाकून स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले, “भिंतीची तब्येत मात्र उत्तम आहे.”
संचालकबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या हसत होत्या असं मला वाटत नाही. खोकल्या असाव्यात.

गुरुवार, १३.
घरी सांगितलं. बायकोने काहीच टोमणा मारला नाही. हे जास्त लागलं.

शनिवार, १५.
डिटेक्टर गेला. गोळेमास्तर स्वतः ट्रॉली घेऊन आले होते. उंबरठ्यावर चाक अडकलं तेव्हा मीच उचलून दिलं.
दुपारी सुरक्षा विभागाचं पत्र आलं. प्रयोगशाळेच्या भिंतींमधलं पोटॅशियम आजवर इतक्या बारकाईने कोणी मोजलं नव्हतं, असं त्यांनी मनापासून लिहिलं आहे. आभार मानले आहेत. आणि कॅन्टीनची भिंत कधी मोजून द्याल, अशी विचारणा केली आहे.
सोमवारी जातो म्हणून कळवलं.