बांधाची माती उडाली नाही

घिवली,
२१ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
चारुताचा नमस्कार.

एकाच घरात राहून 'इकडे सगळं ठीक, तिकडचं कळवा' असं लिहिणं म्हणजे वेडेपणाच. तुमची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात जेमतेम एक भिंत. तरी इकडची बातमी देते. चिकूची तोडणी आवरत आली, शेजारचे आत्मारामकाका टेम्पो सांगून ठेवतो म्हणाले. धीरजची बोईसरची सेकंड शिफ्ट अजून संपलेली नाही. स्वराला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. ते तिने तुम्हाला पळत येऊन सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवलो."

हा कागद वर्तमानपत्रात घालून ठेवते, कारण ते तुम्ही शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचता.

मंगळवारपासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. चहा घेता, कप ठेवता, मान खाली घालून वाडीत जाता. राग येणारच. मी जे बोलले ते कुठल्याही सुनेने सासऱ्याला बोलू नये, आणि ते मी भर वाडीत, आत्मारामकाका आणि दोन गड्यांच्या देखत बोलले. त्याची माफी मागायचीच आहे. पण आधी बंदुकीचं सांगू द्या.

त्या दिवशी रानडुकरं पुन्हा कुंपणातून आली म्हणून तुम्ही नेहमीसारखे त्यांना पळवायला बांधाच्या मातीत बार काढायला उभे राहिलात. मी सुकलेले कपडे काढत होते. तुम्ही चाप ओढलात आणि नुसतं फुस्स झालं. कुकरची शिट्टी अर्धवट निघते ना, तेवढंच. मी बांधाकडे पाहिलं. माती उडाली नाही. तुम्ही मात्र बंदूक उघडलीत, रिकामं काडतूस काढून टाकलंत आणि दुसरं भरायला घेतलंत.

बाबा, पहिली गोळी नळीतच अडकली होती. काडतूस सर्दावलेलं असणार, जोर नव्हता त्यात. तिच्या पाठीमागून दुसरी आली असती तर तिला वाटच नव्हती. नळी फाटली असती, आणि तुमचा डावा हात नळीवर, गाल तिच्या शेजारी. 

हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच. लग्न होऊन आले तेव्हा मनोरच्या पोरीला बंदुकीची भीती वाटते म्हणून सगळे हसत होते. तुम्ही मला बांधावर नेऊन म्हणालात, "बार पयला कानानं वलखायचा. फुस्स झाला तर हात थांबव. उघड, नळीतून उजेड बघ. उजेड नाय दिसला तर ती बंदूक नाय, सुरुंग हाय." हे तुम्ही विसराल? धीरजचं नाव विसराल एक वेळ, पण हे नाही.

म्हणून मी हाक मारली. "बाबा, थांबा!" तुम्ही वळला नाहीत. पुन्हा मारली. तुम्ही बंदूक मिटलीत, खांद्याला लावलीत. मग माझं डोकं फिरलं. कपड्यांची टोपली टाकून धावले आणि ओरडले, "ए म्हाताऱ्या, थांब! मरशील!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, काडतूस काढलंत, घरात गेलात आणि बंदूक कपाटात घालून किल्ली करदोट्याला बांधलीत. नळी तपासली नाहीत. नंतर ओटीवर आत्मारामकाकांना म्हणालात, "काडतूस सर्द व्हता. आयतवारी दुसरा लावतो."

रविवार परवावर आलाय. मला झोप नाही.

धीरजला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना कोण सांगेल? तूच सांग, एकदा ओरडलीयेस तशी." मुलगा तुमचाच आहे, काय बोलणार.

तोंडी सांगायला दोनदा तुमच्या दारापर्यंत आले. पण तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचं तर ते काकांच्या ओटीवर पोचणार, आणि मोठ्याने सांगितलेली माया भांडणासारखीच वाटते.

बघा, लिहून गेले. आता खोडत नाही.

आई होत्या तोवर आम्हाला कुणाला कळलंच नाही. कुणी काही म्हटलं की त्या तेच तुमच्यासमोर पुन्हा म्हणायच्या, "अवो, पोरगी इचारते, भात वाढू का?" मला वाटायचं, यांना बोलायची हौसच दांडगी. त्या गेल्या आणि तुम्ही सगळ्याला "हो हो" म्हणायला लागलात. स्वरा आता तुम्हाला हाक मारत नाही, शर्ट ओढते. तिला वाटतं आजोबांना तिचा कंटाळा आला.

परवाना नवा करायची वेळ आलीय, डॉक्टरचा दाखला लागेल, म्हणून तुम्ही कानाचं नाव काढत नाही, एवढं मला समजतं. तुमच्या वडिलांकडून आलेली बंदूक. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायला नेतानासुद्धा तुम्ही तिला स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून नेता. मी परवान्यावर उठलेली नाही. पण मला बंदुकीपेक्षा तुम्ही हवे आहात.

रविवारी बार काढू नका. गज घालून गोळी काढायलाही जाऊ नका, ते बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं काम. आणि त्या शब्दाबद्दल मला माफ करा. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओरडेन, हेही सांगून ठेवते.

तुमच्या एका शब्दाची वाट बघणारी,
चारुता


घिवली, २२ नोव्हेंबर

चि. चारुता हीस आशीर्वाद.

तुझा कागद वाचला. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. तू ओरडलीस एवढं मला दिसलं. काय ओरडलीस ते ऐकू आलं नाही. तुझा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता, म्हणून काडतूस काढलं. नंतर तुला विचारावं तर ऐकलं नाही हे कबूल करावं लागणार. म्हणून गप्प बसलो आणि तू समजलीस राग. म्हाताऱ्या म्हणालीस हे मला तुझ्याच कागदावरून कळलं. लिहिलं नसतंस तर फुकट सुटली असतीस.

बार झाला की माडावरचे कावळे उठतात. गेलं वर्षभर मी बार कावळ्यांवरून ओळखतो. मंगळवारी ते उठले नाहीत. मला वाटलं, आता कावळेपण आपल्याला घाबरेनासे झाले. मनाला लागलं. म्हणून घाईने दुसरं भरलं. नळी बघायची अक्कल राहिली नाही.

आज सकाळी बंदूक उघडून खिडकीकडे धरली. पलीकडचा उजेड दिसला नाही. ती तशीच कपाटात ठेवून कुलूप घातलं. मंदा असती तर शिव्या घातल्या असत्या, आणि त्या मला ऐकू आल्या असत्या.

गज घातलेला नाही. किल्ली धीरजला दिली, मिस्त्रीकडे तोच नेईल. आत्मारामला सांगितलं, डुकरांना फटाके लाव. स्वराला किती मार्क पडले ते कागदावर लिहून दे, मला तिला शाबासकी द्यायची आहे.

सोमवारी पालघरला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. परवाना राहो न राहो. तू बाहेर थांबू नकोस, आत माझ्या शेजारी बस. डॉक्टर काय विचारतो ते मला ऐकू येणार नाही.

तुझा बाबा,
विश्राम