नागपूर ते लंडन, करदोड्याच्या मापाने

३ डिसेंबर १९५७, चिमूर
मुलगा झाला! मनकर्णा माहेरी, वैनगंगेपलीकडे, सुखरूप आहे. लटारूभाऊ गाडीवानानं निरोप आणला: तेरा तारखेले बारसं, करदोडा बापानंच आणून बांधाचा. आधीची दोन्ही लेकरं महिनाभर जगली नाहीत, म्हणून ती धास्तावली आहे. मीही. पण मी शिकलेला माणूस. उद्याच निघतो.

५ डिसेंबर
निघालो नाही. इन्स्पेक्शनसाठी हेडमास्तरांना बोर्ड हवा: 'नागपूर ते लंडन, विमानाचे अंतर व वेळ'. हे काम या शाळेत दुसऱ्या कोणाला झेपणार? लटारूभाऊला तसं सांगून परत पाठवलं. पृथ्वीचा गोल घरी आणला. करदोडाही घेतला. काळा, रेशमी.

७ डिसेंबर, संध्याकाळ
गोलावर दोरा धरल्याशिवाय अंतर कळत नाही. मनकर्णा दोरे कुठं ठेवते देव जाणे. करदोडाच धरला. धरल्यानं काय झिजतो? साडेचार हजार मैल! तासाला तीनशे धरले तर पंधरा तास. आणि सासरवाडीला बैलगाडीनं दोन दिवस. म्हणजे लंडनच जवळ पडतं. वा रे आपला देश!

८ डिसेंबर
पोस्टमास्तर म्हणतात, विमान सरळ जातच नाही, मुंबई, कैरो असं थांबत जातं. डोकं फिरलं. करदोड्याला कैरोपाशी गाठ मारली, लंडनपाशी कापला. माप पक्कं पाहिजे. आता तो लेकराच्या कमरेला पुरणार नाही. बाजाराच्या दिवशी दुसरा घेऊ.

११ डिसेंबर
लटारूभाऊ पुन्हा हजर. लेकराला ताप आहे. बोर्डाची गोष्ट या चोंबड्यानं तिकडं सांगितलेली दिसते, कारण मनकर्णेनं विचारलंय, मास्तर लंडनहून निघाले का नाई? लटारू म्हणाला, आत्ताच बसा गाडीत, काऊन थांबता? मी म्हटलं, उद्या इन्स्पेक्शन उरकलं की सायकलनं तुझ्या आधी पोचतो. तो गेला. छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला असावा.

१२ डिसेंबर
इन्स्पेक्टर आलेच नाहीत. सायकल पंक्चर. पंप शाळेत, शाळेला कुलूप. आता माणसानं करावं तरी काय?

१६ डिसेंबर
लटारूभाऊ परत आला. लेकराचा ताप उतरला. देवाची कृपा. बारसं झालं. दिवस मावळेपर्यंत बाया माझी वाट पाहत होत्या म्हणे. मग मनकर्णेनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून लेकराला बांधला. मी 'गगनविहारी' नाव योजलं होतं. त्यांनी त्याला सुपात ठेवलं, वरून झाडणी फिरवली आणि 'झाडू' नाव ठेवलं, म्हणजे मरण त्याच्याकडं पाहणार नाही. असली अडाणी समजूत!
मनकर्णा काही म्हणाली का, मी विचारलं. लटारू बैल सोडायला लागला.
गोलावर चिमूर ते सासरवाडी मोजायला बसलो. कैरोची गाठ ठेवली तर दोन्ही गावं तिच्याखालीच गेली. रडू आलं. झाडू. तसं वाईट नाही नाव.
शाळेतला बोर्ड उतरवायचा राहिलाय. तो उतरवला की उद्याच निघतो.