युजरच्या पोटातले मेसेज

सर, तुमचा शेवटचा मेसेज मला वाचायला मिळाला नाही, आणि तो पुसला जाण्याची सोय मीच करून ठेवली होती. आज नव्या अ‍ॅपच्या कोडचा आराखडा, त्यातल्या क्लासेसचे चौकोन काढायला बसलोय आणि चैन पडत नाही. उठतो, पाणी पितो, परत बसतो. मंदी आली तेव्हा ऑफिसपुरतं साधं मेसेजिंग अ‍ॅप आपल्या दोघांवर सोपवलं होतं. शुक्रवारची सुट्टी, दुबईत अल मनखूलमधलं तुमचं स्वयंपाकघर, वहिनी पोहे परतताहेत आणि तुम्ही एका खाकी पाकिटावर तीन चौकोन काढता: युजर, मेसेज, संभाषण. मी मेसेजची यादी युजरच्या पोटात घातली. युजर काढून टाकला की त्याचे मेसेजही गेले, कोड कमी, काम फत्ते. तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. "अरे, माणूस गेला म्हणून त्याने दुसऱ्याला सांगितलेलंही जातं का? मेसेज संभाषणात ठेव." मी मान डोलावली. रविवारी मॅनेजर डोक्यावर उभा, "यल्ला, खलास करो" म्हणत घाई करतोय, आणि मी माझंच घोडं पुढे दामटलं. नंतर बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं.

मग एका दुपारी तुम्हाला आत बोलावून डच्चू दिला. थोड्या वेळाने माझ्या स्क्रीनवर तुमचं नाव ठळक झालं, एक न वाचलेला मेसेज. मी तो उघडला नाही. मला ठेवलं आणि तुम्हाला काढलं, त्याबद्दल काही लिहिलं असेल याची भीती वाटली. चहा घेऊन परत आलो तोवर तुमचं खातं काढून टाकलं होतं, आणि त्याबरोबर तुमचं सगळं लिहिणंही. माझा कोड अगदी चोख चालला होता. लाज वाटली म्हणून तुमच्याशी त्याबद्दल बोललो नाही.

तुम्ही पुण्याला परत गेल्यावर तुमचा फोन आला, आवाज थकलेला. "मेसेज वाचलास ना? मग तेवढं करशील ना?"

मी म्हणालो, "हो सर, करतो." तुम्ही म्हणालात, "मग मला घोर नाही." महिन्याभरात तुम्ही गेल्याची बातमी आली. वहिनींना विचारावं म्हणून कितीदा फोन लावतो आणि रिंग जायच्या आत तोडतो. हे पत्रही त्यांच्या पत्त्यावर टाकता येईल. टाकणार नाही. मी कशाला हो म्हटलं होतं, ते मला अजून माहीत नाही, सर.