घुमारा कुठे गेला?

ती. दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (पत्रात वाकता येतं, प्रत्यक्षात गुडघे ऐकत नाहीत). तुझी कंबर कशी आहे? रेडिओदुरुस्तीच्या दुकानातलं ते मोडकं स्टूल सोडल्याशिवाय ती सुधारायची नाही आणि स्टूल तू सोडणार नाहीस, तेव्हा इकडचं ऐक.

आमचे हे ध्वनितज्ज्ञ झाले. (चार पुस्तकं वाचून. कचेरीत हेड क्लार्क व्हायला एकोणीस वर्षं लागली होती.) बाजारातले स्पीकर म्हणजे नुसती डबडी, म्हणून घरीच बांधले. दोन महिने बैठकीच्या खोलीत भुसा. शेवटी माझ्या खांद्याला लागतील असे दोन खोके उभे राहिले. त्यांच्यापायी सोफा हलला, सासूबाईंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली. आवाज म्हणे खोलीत एकाच जागी नीट पोचतो. त्या जागी हे बसतात.

उद्घाटनाला साहेबांसकट अख्खी कचेरी बोलावली. बटण दाबलं. खर्जाचा घुमारा म्हणून नाही! सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डास शिरला का रे कुठे?" साहेब चहा अर्धा टाकून उठले. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मग ठरलं, दोष ॲम्प्लिफायरचा. दुसरा आणला, तोच डास. तिसरा आणला जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, तापायलाच दहा मिनिटं घेणारा. डास आता शेकून निघालेला. पण आपले खोके उघडून बघावेत, हे तज्ज्ञाच्या डोक्यात येईल तर शपथ.

मंगळवारी हे कचेरीत गेल्यावर मीच आठ-आठ स्क्रू काढले. तू शिकवलं होतंस तसा भिंतीवरच्या घड्याळातला सेल तारांना टेकवला. उजव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. डाव्याच्या तारा उलट जोडलेल्या! एक ढकलतोय, दुसरा ओढतोय, घुमारा राहील कसा? तारा बदलल्या, स्क्रू आवळले, सेल परत घड्याळात.

संध्याकाळी यांनी लावलं आणि खिडकीची तावदानं थरथरली. हे उठून उभेच राहिले. "ऐकलंस? याला म्हणतात व्हॉल्व्हची ऊब!" खरं सांगणं अगदी ओठावर आलं होतं. पण इतका खूश चेहरा मी यांचा लग्नातही पाहिला नव्हता (लग्नात तर नाहीच). गिळलं. आता कचेरी पुन्हा येऊन उबेवर तासभर व्याख्यान ऐकून गेली. साहेबांनी मान डोलावली.

एकूण काय, हा छंद म्हणजे रिकामटेकड्यांचं खूळ. शहाण्याने यात पडू नये. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : हे वाचून फाडून टाक.

ता. क. २ : पाच इंची स्पीकरची एक जोडी माझ्या नावाने पाठव. दुपारीच पोचेल असं बघ. उरलेल्या प्लायवूडचे खोके मी जोडलेत. तांदूळ ओतून मापले, आत अकरा लिटर जागा भरते. घुमाऱ्यासाठीचं पुढचं भोक दीड इंची ठेवू की दोन?

ता. क. ३ : सासूबाई दोन म्हणताहेत. ड्रिल मशीन त्यांच्या हातात आहे, तेव्हा पत्र नको, फोनच कर.