डब्लिनला आले नाही त्याबद्दल

सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रिय सम्यक,

जयभीम. परवा फोनवर तू विचारलंस, मस्कतला गेलीस, जर्मनीला गेलीस, इंग्लंडला गेलीस, आणि माझ्याच दारावरून परत कशी फिरलीस? मी म्हणाले, तब्येत बरी नव्हती. तब्येत बरी होती. तिकीट होतं, व्हिसा होता, विश्वजितकाका विमानतळावर सोडायला तयार होते. तू सुट्टी काढून खोली आवरून ठेवली होतीस, हेही मला माहीत होतं. तरी आले नाही. त्याचं कारण फोनवर सांगता येत नाही. फोनवर आपण भाजी काय केली एवढंच बोलतो. म्हणून लिहिते आहे.

ही सहल मुळात बाबांची आणि माझी, दोघांची होती. होस्टेलच्या एका खोलीतले बाबा धरून चौघं मित्र. तिघं परदेशी गेले, तुझे बाबा इथंच राहिले. ते तिघं बोलवायचे आणि हे म्हणायचे, रिटायर झालो की येतो. एप्रिलअखेर रिटायर होणार म्हणून मे महिन्याची तिकिटं काढली आणि मार्चमध्ये बाबा गेले. मी समजले, आता सगळं रद्द. पण सांडूकाकांचा फोन आला, "वहिनी, आमच्यातल्या एकालाबी मातीला येता आलं नाही. तुम्ही तरी या. आम्ही कुणाच्या गळ्यात पडावं?" मला नाही म्हणता आलं नाही. घरातलं माणूस गेलं की आपण दार उघडं ठेवून बसतो, लोक भेटायला येतात. इथं मीच बॅग घेऊन लोकांच्या दारी निघाले. जिन्यात पारूबाई कुणाला तरी सांगत होती, "नवरा जाऊन दोन महिने नाय झाले न ही चालली इमानात बसायला." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मला राग आला नाही. तेव्हा मला कशाचंच काही होत नव्हतं. पहिल्यांदा विमानात बसले, खिडकी मिळाली, खाली ढग होते. ढगच होते. पुस्तक उघडून बसले आणि मस्कत येईपर्यंत एकच पान वाचत राहिले.

सांडूकाका विमानतळाबाहेर गाड्या लावतात तिथं उभे होते. एवढा मोठा माणूस, मला बघितलं आणि गावाकडे रडतात तसे मोठ्यानं रडायला लागले. "राजा गेला व्हय वहिनी? मला न सांगता गेला?" येणारे जाणारे थांबून बघत होते. एका अनोळखी माणसानं पाण्याची बाटली आणून दिली, तीही त्यानं मला नाही, त्यांना दिली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, जसं काही त्यांच्याच घरातलं कुणी गेलंय आणि मी भेटायला आलेय. घरी गेल्यावर चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "शेवटी काय बोलला त्यो? माझं नाव काढलं का?"

सम्यक, हा प्रश्न आपल्याकडे सगळे विचारतात. कुणाच्याही घरी भेटायला गेलं की आधी पाणी, मग हा प्रश्न. मीही कितीजणींना विचारलाय. आणि घरचं माणूस काहीतरी सांगतं. मी म्हणाले, काढलं. म्हणाले, सांड्याला सांगा, येतोय. हे माझ्या तोंडून आपोआप आलं. सांडूकाका रडता रडता हसले, "बघा, मेला तरी थापाच मारतोय," म्हणाले. त्या रात्री ते नीट जेवले. रूपाकाकू मला स्वयंपाकघरात म्हणाली, "किती दिवसांनी पोटभर खाल्लं बघा." मला वाटलं, तहानलेल्याला पाणी दिलं.

जर्मनीत वैजनाथकाकांकडे कुणी रडलं नाही. त्यांचं घर फार स्वच्छ आणि फार शांत. ते मला नदी दाखवायला न्यायचे, चर्च दाखवायला न्यायचे आणि वाटेत हवामानाबद्दल बोलायचे. दुसऱ्या दिवशी ताटं पुसता पुसता कालिंदीकाकूंनीच विचारलं, "भावजी आमच्याबद्दल काही बोलले का हो?" काका टेबलाशी पेपर धरून बसले होते, पान उलटायचे थांबले. मी म्हणाले, बोलले. वैजूच्या आईनं पहिल्यांदा त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढलं, त्याची आठवण काढली. ती गोष्ट खरी आहे, बाबा नेहमी सांगायचे. गेले त्या सकाळी सांगितली नव्हती, एवढंच. काका उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. ती सकाळ सांगताना माझ्या लक्षात आलं, मी मस्कतला जिथं थांबले होते तिथंच थांबतेय, जिथं पाणी प्यायले होते तिथंच पाणी पितेय. कीर्तनकाराला आख्यान पाठ असावं तशी ती सकाळ मला पाठ झाली होती. ऐकणाऱ्याचे डोळे कुठं भरणार, तेही आधीच कळत होतं. माझे भरत नव्हते.

इंग्लंडमधले विश्वजितकाका डॉक्टर. त्यांनी आधी डॉक्टरसारखं विचारलं. घाम आला होता का, कुठला हात दुखत होता, आदल्या दिवशी जिना चढताना दम लागला का. मी जे होतं ते सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला. आता हा प्रश्न येणार हे मला कळलं आणि त्यांनी विचारायच्या आत मीच म्हणाले, "विश्वाला फोन लाव, असं म्हणाले."

ते एकदम ताठ झाले. "मग लावला का नाही वहिनी?" त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि मार्चमधले जुने कॉल शोधायला लागले. पोथीतल्या ओळीवर बोट फिरवत राहावं तसं बोट फिरवत होते. "मी ड्यूटीवर होतो का? वाजला असेल आणि मी बघितला नसेल का?" तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या बोलण्याची भीती वाटली. सकाळी चहाला बसल्यावर मी त्यांना सांगितलं, भाऊ, ते मी मनानं सांगितलं. ते असं काहीही बोलले नव्हते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "वहिनी, आता माझी समजूत काढू नका," म्हणाले. किती सांगितलं, त्यांनी मानलंच नाही. एकदा खोटं आत गेलं की मागून आलेलं खरं दारातच उभं राहतं. ते अजूनही त्या न आलेल्या फोनचा विचार करत असतील.

त्यांच्यानंतर तू होतास.

तू हा प्रश्न मला कधीच विचारला नाहीस. मोबाइलवर बाबांना बघितलंस, सगळे विधी बघितलेस, रजा आणि कागदपत्रं यांमुळे येता येत नाही हे सांगितलंस, पण हे विचारलं नाहीस. का विचारत नाहीस ते मला माहीत आहे. तू सरकारी परीक्षा सोडून गेलास तेव्हापासून बाबा तुझ्याशी सरळ बोलले नाहीत. रविवारी तुझा फोन आला की माझ्या शेजारी येऊन बसायचे. "विचार त्याला, थंडी आहे का." "विचार, जेवतो काय." मी फोन पुढं केला की हात मागं घ्यायचे. आणि तूही तिकडून म्हणायचास, त्यांना सांग, बरा आहे. दोघांच्या मधे मी नुसती तार होते. मी डब्लिनला आले असते तर दार उघडताना तुझा चेहरा बघितला असता, आणि तू विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं असतं की बाबांनी तुझं नाव घेतलं. मला ते इतकं छान सांगता आलं असतं. तू मानलं असतंस. आणि मग जन्मभर मला ते परत घेता आलं नसतं. मी विश्वजितकाकांना म्हणाले, मला डब्लिनला नको, मुंबईचं तिकीट बघा.

मी सातवीपर्यंत शिकले, बाकी जे काही आलं ते लायब्ररीतल्या पुस्तकांनी शिकवलं. पुस्तकात मरणारा माणूस नेहमी काहीतरी बोलतो. मला वाटायचं, तसंच असतं. तर ती सकाळ अशी होती. बाबा दूध घेऊन आले. औरंगपुऱ्यातून नवा चष्मा आणायचा होता, म्हणून अंघोळ करून बाहेर जायचे कपडे घातले. पलंगावर बसले आणि म्हणाले, "पंखा जरा कमी कर गं." मी उठून बटण फिरवलं, वळले, तोवर ते आडवे झाले होते. एवढंच. कुणाचं नाव नाही. माझंही नाही. तुझं नाव रागानं घेतलं नाही आणि मायेनंही घेतलं नाही. इथं एखादं वाक्य घालायला मला काहीच लागलं नसतं, पण घालत नाही. त्यांचा तुझ्यावर राग होता आणि रविवारी ते फोनजवळ येऊन बसायचे, या दोन्ही गोष्टी तुला आधीपासून माहीत आहेत. त्या तशाच आहेत. त्या सकाळनं त्यात काही वाढवलं नाही, काही पुसलं नाही. पंखा कमी करायला सांगणारा माणूस जायला निघालेला नसतो, सम्यक. त्यांना चष्मा आणायला जायचं होतं. त्यांनी कुणाचाच निरोप घेतला नाही, म्हणून तुझा घेतला नाही. हे तुला खरं वाटावं, एवढ्यासाठी मी तुझ्या दारावरून परत फिरले.

तुझीच,
आई