मामाच्या सलूनला जागा काढून देतो

३ जून
आजपासून रोजनिशी. डिजिटल नकाशाच्या कोर्समध्ये प्रोजेक्ट मिळालं: एखाद्या धंद्यासाठी योग्य जागा शोधा. आणि योगायोग बघा, मामाला सलूनचा गाळा महिनाअखेर सोडायचाय, नवा मिळत नाहीये. म्हटलं, मामा, पायपीट बंद. जागा मी काढून देतो. त्याचे डोळे भरून आले. आई म्हणाली, आधी स्वतःचे मोजे शोध.

७ जून
सर म्हणतात, डेटा मिळाला तरी जागेवर जाऊन बघा. जुन्या वळणाचे आहेत बिचारे. उपग्रह बघतोय ना वरून! उद्यापासून पहाटे पाचला उठून काम.

८ जून, सकाळी साडेदहा
उठलो. आता दिवसभर नकाशाच्या लेयरला रंग देणार. जांभळा की गर्द जांभळा?

१५ जून
मामाला बाजारात एक गाळा आवडला. ठामपणे नको म्हणालो, तिथे आधीच चार सलून आहेत. त्याने लगेच सोडला. अभ्यासाला मान असतो.

२१ जून
सापडली!! दाट वस्ती, सगळे पुरुष, आसपास एकही सलून नाही. आनंदाने आईला मिठी मारली. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. मामाला लोकेशन पाठवलं.

२२ जून
मामा तुरुंगात.
म्हणजे तुरुंगाच्या फाटकावर. ठिपका नेमका तिथेच आहे म्हणे. पिशवीत वस्तरा बघून पहारेकऱ्याने त्याला बसवून ठेवलं. चूक जनगणनेची. कैद्यांना वस्तीत धरतात का कधी?

२३ जून
बाजारातला गाळा दुसऱ्याला गेला. मामा पुन्हा पायपिटीला निघाला. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. नंतर जेवलो.

२८ जून
मामाला गाळा मिळाला! त्या दिवशी फाटकावर बसवून ठेवलं तेव्हा त्याने पहारेकऱ्याची दाढी करून दिली म्हणे, आणि त्याच्या मेव्हण्याचा गाळा रिकामा निघाला. म्हणजे शेवटी ठिपका माझाच! प्रोजेक्टमध्ये तसं लिहिलं. सरांनी लाल शाईत विचारलंय, जागेवर गेला होतास का? प्रोजेक्ट पुन्हा करायचंय. मत्सर, दुसरं काय.

३ जुलै
केस कापायला मामाकडे. गाळा सापडायला तास लागला, रस्तेच चुकीचे बांधलेत. मी छापून भेट दिलेला प्रोजेक्टचा मोठा नकाशा फ्रेम करून लावला असेल म्हणून भिंती बघितल्या. दिसला नाही. मामाने अंगावर कापड टाकलं, मान खाली दाबली. तेव्हा दिसला. खुर्चीखाली अंथरलाय, केस गोळा करायला. लाल ठिपक्यावर माझेच केस पडत होते.
मामा प्रेमाने म्हणाला, अजून दोन-चार छापून आण रे, कागद फार छान आहे.